जुनी मॅटॅडोर, चाकांवरचे घर आणि खरेदीपूर्वीचा हिशेब

नागपूरहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर मेहकर, सुलतानपूर, बिबी ही गावे मागे पडली की सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड लागते. राज्याच्या इतर ग्रामीण भागाप्रमाणेच या पट्ट्यातही एके काळी भाजीपाल्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सारे काही वाहून नेणारी गाडी म्हणजे मॅटॅडोर, बोलीभाषेतील 'मेटाडोर'. नव्या पिकअप गाड्या आल्या आणि मॅटॅडोर गोठ्याच्या आडोशाला किंवा गॅरेजच्या मागे उभी राहिली. अशा गाडीची पुढची वाट बहुधा ठरलेली असते. दुसरबीडहून सिंदखेडराजामार्गे जालन्याला पोहोचले की तेथे भंगार वितळवून सळई तयार करणारे पोलाद कारखाने आहेत.

अलीकडे मात्र या गाड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक ग्राहकवर्ग तयार झाला आहे. जुनी व्हॅन घ्यावी, ती दुरुस्त करावी, आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करावी आणि कुटुंबासह प्रवासाला निघावे, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना आकर्षक असली तरी ती अनेकदा अर्ध्यावरच फसते. त्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसते. ते कागदपत्रांत, गंजलेल्या पत्र्यात आणि न केलेल्या हिशेबात असते. म्हणून विसार देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याची माहिती असणे आवश्यक ठरते.

मॅटॅडोरचे मूळ

चाकांवरच्या घराचा विषय निघाला की जर्मनीच्या फोक्सवॅगन व्हॅनचे नाव प्रथम येते. या व्हॅनचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले आणि १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात राहण्याची सोय करून देण्यास प्रारंभ केला. ब्राझीलमध्ये या व्हॅनची 'कोम्बी' ही आवृत्ती २०१३ पर्यंत तयार होत होती. भारतात मात्र ही गाडी दुर्मीळ आहे. परदेशातून ती आणणे हा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील मार्ग नव्हे.

महाराष्ट्रात तिची जागा घेऊ शकणारी गाडी म्हणजे मॅटॅडोर. दोन्ही गाड्यांचे एक जुने नातेही आहे. जर्मनीतील टेम्पो कंपनीने १९४९ मध्ये 'मॅटॅडोर' या नावाची जी पहिली गाडी काढली, तिला फोक्सवॅगनचेच हवेने थंड होणारे इंजिन बसविलेले होते. याच टेम्पो कंपनीच्या सहकार्याने अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक व उद्योजक नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकारातून १९५८ मध्ये बजाज टेम्पोची उभारणी झाली. आधी तीनचाकी हॅन्सिएट, मग १९६४ मध्ये चारचाकी व्हायकिंग आणि १९६९ मध्ये मॅटॅडोर अशी वाटचाल होत गेली. पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखाना हे या गाडीचे घर. १९८० च्या दशकात कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार करून 'ओएम ६१६' हे चार सिलिंडरचे, २.४ लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन भारतात आणले. कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून 'फोर्स मोटर्स' झाले.

हा इतिहास खरेदीदाराच्याही उपयोगाचा आहे. 'ओएम ६१६' हे इंजिन मॅटॅडोरपुरते मर्यादित राहिले नाही. तेच इंजिन ग्रामीण प्रवासी वाहतुकीचा कणा असलेल्या ट्रॅक्समध्येही आले. त्यामुळे पिस्टन, लायनर, नोझल, गॅसकिट यांसारखे भाग मिळणे तुलनेने सोपे असून या इंजिनावर हात बसलेले मिस्त्रीही तालुक्याच्या गावी भेटतात. त्याआधीच्या इंजिनांच्या गाड्यांबाबत असे म्हणता येत नाही. म्हणून गाडीत कोणते इंजिन आहे आणि तेच नोंदणी पुस्तकात लिहिलेले आहे काय, हा पहिला प्रश्न असावा.

मॅटॅडोरच्या मूळ रचनेत इंजिनाची गती पुढच्या चाकांना मिळते. गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब शाफ्ट नसल्याने मागचा तळ खाली आणि सपाट राहतो. राहण्याची सोय करण्यासाठी ही रचना सोयीची आहे. पण पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे झिजले असतील तर दुरुस्तीचा खर्च वाढतो.

आधी हेतू ठरवा

जुनी गाडी घेणाऱ्यांचे दोन हेतू असू शकतात. एक, ती होती तशी पूर्ववत करणे. दोन, तिचे फिरते घर करणे. बोलताना हे दोन्ही एकच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते परस्परविरोधी आहेत.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांनाच हा दर्जा मिळतो. चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दैनंदिन किंवा व्यावसायिक वापराला तिला मुभा नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. मॅटॅडोर १९६९ पासूनची असल्याने अगदी सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्याच वयाच्या निकषात बसतात. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी या चौकटीत येत नाही. ज्या गाडीत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची, तिचे मूळ रूप राहत नाही. आणि व्हिंटेज क्रमांक घेतलेली गाडी घेऊन कुटुंबाला सहलीला नेता येत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची वयाची अट ३० वर्षांची आहे. तिचा दाखला देऊन विक्रेते १९८० किंवा १९९० च्या दशकातील गाडी 'व्हिंटेज' म्हणून वाढीव दराने विकत असतील, तर भारतीय नियमात त्या शब्दाला ५० वर्षांची अट आहे हे लक्षात ठेवावे.

बदलाला परवानगी लागते

फिरते घर करायचे ठरले तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ महत्त्वाचे ठरते. उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एका केरळच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

याचा अर्थ फिरते घर बेकायदा आहे असा नव्हे. केंद्राच्या वाहन वर्गीकरणात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन आणि मोटार कॅराव्हॅन हे प्रकार आहेत. राज्य सरकारनेही मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र गाडी कापण्यापूर्वी बदलाचा आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जाणे आणि तेथून मिळालेले उत्तर लेखी ठेवणे हाच सुरक्षित क्रम आहे. दुसरबीडच्या रहिवाशाला त्यासाठी बुलडाण्याच्या कार्यालयात जावे लागेल. जिल्ह्याचा संकेत 'एमएच २८' असा आहे. आधी काम, मग परवानगी हा क्रम धरल्यास तयार गाडी दारातच उभी राहण्याची वेळ येते.

कागदपत्रांची तपासणी

जुन्या गाडीच्या व्यवहारात पत्रा बदलता येतो, इंजिन बांधता येते. पण हरवलेली मालकी परत बांधता येत नाही. म्हणून गाडी पाहण्याआधी कागद पाहावेत.

चेसी क्रमांक व इंजिन क्रमांक : दोन्ही क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचावेत. गंज खरवडून, पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन तो नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. क्रमांकाभोवती ताजे वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा अक्षरांत असमानता दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. अशी गाडी चोरीची असू शकते. नसली तरी तिची नोंदणी पुढे नेणे अशक्य होते.

संगणकीय नोंद : नव्या मोटार वाहन कायद्याची अंमलबजावणी १ जुलै १९८९ रोजी सुरू झाली. त्यापूर्वीच्या महाराष्ट्रातील गाड्यांवर 'एमएच' हा संकेत नसून 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरे आढळतात. अशा अनेक गाड्यांची नोंद कागदी रजिस्टरातच राहिलेली असते. 'परिवहन'च्या संकेतस्थळावर क्रमांक टाकूनही माहिती येत नसेल, तर मूळ कार्यालयातून ती संगणकावर चढवून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याकडून खरेदीपूर्वीच करून घेणे श्रेयस्कर. थकीत कर व ई-चलनही त्याच वेळी पाहावे.

मालकीची साखळी : आरसी बुकावरील नाव आणि समोर बसलेला विक्रेता एकच आहे काय, हे पाहावे. मालकाचे निधन झाले असल्यास आधी वारसाच्या नावे नमुना ३१ नुसार हस्तांतर झाले पाहिजे. केवळ शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हातोहात फिरलेली गाडी कायद्याच्या नजरेत पहिल्याच मालकाची असते. विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये, तर हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये असतो. राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळवावे लागते. कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ आणि वित्तसंस्थेचा दाखला लागतो.

परराज्यातील गाडी : अन्य राज्यातून आणलेल्या गाडीसाठी नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची तर येथील क्रमांक घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या कमी किमतीत देऊ केल्या जातात. त्यांच्या किमतीत हा कर मिळवूनच तुलना करावी.

सरकारी लिलावातील गाडी : आरोग्य खात्याच्या रुग्णवाहिका म्हणूनही मॅटॅडोर वापरात होत्या. मात्र केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी विभाग, महापालिका, परिवहन महामंडळे व सार्वजनिक उपक्रमांच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जातात. ज्या गाडीच्या पुस्तकावर अखेरचे नाव सरकारी विभागाचे आहे, ती कितीही सुस्थितीत दिसली तरी घेऊ नये.

मालवाहू ते खासगी : व्यावसायिक नोंदणीची गाडी खासगी करायची असल्यास परवाना परत करणे, करथकबाकी मिटविणे आणि वर्ग बदलून घेणे या पायऱ्या असतात. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. त्यासाठी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील वाहनांचे शुल्क वाढविले असून हलक्या मोटार वाहनासाठी ते १० हजार रुपये झाले आहे. खर्चाच्या यादीत ही रक्कम आधीच धरावी.

पत्रा, चेसी आणि इंजिन

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन सुरू करून ठेवू नका, असे आधीच सांगावे. गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे सांगते ते तापलेले इंजिन लपविते. सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा एअर फिल्टरकडे पाहायला हवे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅसकिट किंवा दाब कमी असल्याची शंका घ्यावी. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर जोराने वाफारा येत असेल तर पिस्टन-लायनरचा खर्च गृहीत धरावा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असणे हे अशुभ लक्षण होय. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालविली असता पुढून 'कट-कट' आवाज आल्यास अ‍ॅक्सलचे सांधे झिजलेले असतात.

इंजिनापेक्षा पत्रा अधिक महत्त्वाचा. इंजिन बाजारात मिळते; सडलेली बॉडी हातानेच घडवावी लागते. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे. दाराखालचा फूटबोर्ड, चाकांवरच्या कमानी, पुढच्या काचेची खालची चौकट, छताची पन्हळ आणि बॅटरीखालचा भाग या गंजाच्या नेहमीच्या जागा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तेथे दाबून पाहावे. तळावर टाकलेले मॅटिंग उचलून पाहण्यास विक्रेता नकार देत असेल, तर तो नकारच उत्तर समजावे. गाडी मालवाहतुकीत खत किंवा मीठ वाहत असेल तर आतला गंज अधिक खोल असतो. चेसीवर आडवे तडे, एकावर एक पट्ट्या वेल्ड केलेल्या किंवा मागून पाहताना गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर पाट्यांपुरता प्रश्न आहे की चेसी वाकली आहे, हे अनुभवी मिस्त्रीकडून ठरवून घ्यावे.

पुढची काच, दिवे, दारांची कुलपे, काचेभोवतीचे रबर बीडिंग या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूच काम अडवून धरतात. यांपैकी काय गाडीवर शाबूत आहे, याची यादी करूनच भाव बोलावा.

भाव कसा ठरवावा

जुन्या मॅटॅडोरला छापील दर नाही. म्हणून दोन टोके आखून घ्यावीत. खालचे टोक म्हणजे भंगाराचा भाव, अर्थात गाडीचे वजन गुणिले त्या दिवसाचा लोखंडाचा दर. कागद नसलेली गाडी या टोकाच्या वर नेऊ नये. तिचा उपयोग सुट्या भागांपुरताच. वरचे टोक म्हणजे पूर्ण दुरुस्त गाडीसाठी जी रक्कम खर्च करण्याची कुटुंबाची ऐपत आहे, त्यातून पत्रा, इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग, आतील काम, कर व शुल्क ही प्रत्येक रक्कम वजा करून उरणारी किंमत. प्रत्येक कामाचा अंदाज त्या-त्या कारागिराकडून लेखी घ्यावा. गाडी उघडल्यावर नवे दोष निघतातच. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला नसेल, तर गाडी गॅरेजमध्येच अडकते आणि सहा महिन्यांनी अर्धी सुटी झालेली, आधीपेक्षा स्वस्तात विकावी लागते. शेतीच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या घरात हंगामाचे पैसे अशा गाडीत अडकणे परवडणारे नाही. काम टप्प्याटप्प्याने करावे आणि क्रम आधी ब्रेक, मग स्टीअरिंग व टायर, नंतर इंजिन, पत्रा आणि सर्वांत शेवटी सजावट असा ठेवावा.

घर करताना वजन, वीज आणि आग

गाडीत घर मांडताना पहिला हिशेब वजनाचा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यावर प्लायवूड, गाद्या, बॅटरी आणि माणसे. नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाची मर्यादा ओलांडली की जुन्या ब्रेकवर ताण येतो. छतावर जड वस्तू ठेवल्यास वळणावर तोल जातो.

विजेचा हिशेब सोपा आहे. २०० वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण पाऊण ते एक युनिट वीज देते. ३० वॅटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तर पाव युनिट लागते. दिवे व मोबाइल त्यात सहज भागतात. एक टनाचे वातानुकूलन यंत्र मात्र तेवढी वीज तास-दीड तासातच संपविते. विदर्भाच्या उन्हाळ्यात छताला उष्णतारोधक थर, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या आणि सावलीत थांबा हाच खरा उपाय आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी बाहेरून उघडणारी आणि तिच्या तळाला छिद्र असलेली असावी. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे जीवघेणे ठरू शकते.

सर्वांत महत्त्वाची बाब बाहेर पडण्याच्या मार्गाची. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात १ जुलै २०२३ रोजी पहाटे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस ज्या कुशीवर पडली त्याच बाजूला तिचे दार होते. या परिसरातील लोकांनी ती घटना जवळून पाहिली आहे. पलंग किंवा कपाट दारासमोर येईल अशी मांडणी करणे म्हणजे त्याच धोक्याला निमंत्रण होय. मागचे दार आतून उघडणारे असावे. दोन्ही बाजूंना बाहेर पडण्याची वाट, काच फोडण्याची हातोडी आणि हाताशी अग्निशामक या गोष्टी सजावटीच्या आधी याव्यात.

रस्ता आणि विमा

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मात्र सलग वेगाने धावण्यासाठी आखलेल्या त्या मार्गावर जुन्या रचनेच्या ब्रेकची आणि वय झालेल्या टायरची परीक्षा पाहू नये. नक्षी शिल्लक असली तरी टायर जुना होतोच. त्याच्या कडेवर छापलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. लोणारचे सरोवर असो की जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा, जुन्या गाडीला जुनाच रस्ता मानवतो.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केले आहे. त्यामुळे मॅटॅडोरसाठी वेगळ्या परवान्याची गरज नाही. तृतीय पक्ष विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र बंधनकारक आहे. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळविलेले नसतील, तर अपघातानंतर दावा नाकारला जाण्याची शक्यता राहते.

या साऱ्या पायऱ्या ओलांडून जी मॅटॅडोर रस्त्यावर येते, ती नव्या गाडीपेक्षा स्वस्त पडतेच असे नाही. परंतु कागद स्वच्छ, चेसी सरळ आणि हेतू एकच असेल, तर भट्टीच्या वाटेला लागलेली एक उपयुक्त गाडी पुन्हा कामी येते. तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर विसाराची रक्कम खिशातच ठेवावी.